मास्तरांची हजेरी

मास्तर कधी शाळेत शिकवायला गेले नाहीत. स्वतः शिकले तेसुद्धा जेमतेम सातवीपर्यंत. पण फौजेत चोवीस वर्षं त्यांनी कंपनीची हजेरी घेतली, म्हणून ते हजेरीमास्तर, आणि पुढे लोकांना तेवढंही म्हणायचा कंटाळा आला म्हणून नुसतेच मास्तर. आवाज असा, की मैदानाच्या या टोकाला नाव पुकारलं तर त्या टोकाचा पेंगणारा गडी खाडकन ताठ व्हायचा. निवृत्त झाल्यावर बाटल्यांच्या कारखान्यात गेटवर टाइमकीपरची नोकरी लागली. म्हणजे पुन्हा तेच! सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. यांच्या बाबतीत तर सुंभसुद्धा जळायला तयार नव्हता.

गेटची केबिन चार पावलं लांब आणि तीन पावलं रुंद. एका भिंतीला कामगारांच्या कार्डांची लोखंडी मांडणी, दुसऱ्या भिंतीला कार्डावर वेळ छापणारं घड्याळ. ते आठवड्याला दोन मिनिटं पुढे जायचं आणि दर सोमवारी मास्तर त्याला जागेवर आणायचे. यंत्रावर त्यांचा विश्वास नव्हताच. त्यांचा विश्वास कानावर. फौजेत एखादा गडी उशिरा आला की घोळक्यातून त्याचा दोस्त त्याच्या नावावर 'हजर' ओरडायचा. मास्तरांना लगेच कळायचं. पेन क्षणभर थांबायचं, आणि मग बरोबरची खूण व्हायची. परेड सुटली की दोघांना बोलावून पोतंभर बटाटे सोलायला बसवायचे आणि सांगायचे, "सोबत्याचा खाडा पडू द्यायचा नाही, हे बरोबर. पण मास्तर फसला असं समजायचं नाही, हे त्याहून बरोबर." पोरं खूश, मास्तरही खूश. खाडा नाही पडला म्हणजे झालं.

घरी मात्र या हजेरीचा पार जाच होता. बायको शिवणाच्या कारखान्यात काजंबटणं करायची. पाच चाळीसच्या बसने यायची. पाच पंचेचाळीस झाले की मास्तर उठून खिडकीशी, पन्नास झाले की चप्पल पायात, आणि पंचावन्नला बसथांब्यावर. ती बसमधून उतरली की सुटकेचा निःश्वास टाकावा की नाही माणसाने? छे! चारचौघांत तिच्यावर ओरडायचे. "कुठे होतीस? फोन कशाला दिलाय?" ती बिचारी पिशवी सावरत म्हणायची, "अहो, बस मी नाही हो चालवत." लोक हसायचे. तिला हसू यायचं बंद होऊन वर्षं झाली होती.

मुलगी कॉलेजात असताना एकदा दोन तास उशिरा आली. मैत्रिणीकडे बसली होती, एवढंच. तोवर मास्तरांनी अर्धं गाव पालथं घातलं होतं, पोलिसांत जाऊन आले होते. ती हसत दारात आली आणि यांनी समोरचं ताट भिंतीवर भिरकावलं. पुढे मुलगी नर्स झाली आणि दुसऱ्या शहरात गेली. फोन करते, पण बाप कामावर असतानाच. "बाबा नाहीत ना जवळ? मग बोल." मास्तरांना हे ठाऊक होतं. कुणी सांगितलं नव्हतं, पण फोनची वेळ लक्षात यायला टाइमकीपरला काय कुणी सांगावं लागतं?

आणि हे असं का, तेही त्यांना ठाऊक होतं. एका मोहिमेवर सकाळी तीन ट्रक गेले. संध्याकाळी दोन आपल्या पायांनी परतले, तिसरा ओढून आणला. त्या संध्याकाळच्या हजेरीत एका पोराचं नाव मास्तरांनी पुकारलं. नियम असा, की तीन वेळा पुकारायचं आणि मग खाडा मांडायचा. उभ्या रांगेतल्या प्रत्येकाला माहीत होतं की उत्तर यायचं नाही. मास्तरांनाही माहीत होतं. तरी नियम तो नियम, त्यांनी तिन्ही वेळा पुकारलं. वीस वर्षांत बायकोला त्यांनी याबद्दल एकच वाक्य सांगितलं होतं, "त्या दिवशी एक खाडा पडला." त्यातही एक गोष्ट गाळली होती. ती पुढे येईलच.

आता माजी सैनिकांच्या कचेरीत दरवर्षी एक कागद द्यावा लागतो, की आपण अजून जिवंत आहोत. पेन्शन चालू राहायची तर हयातीचा दाखला लागतोच. पोस्टाच्या वरच्या मजल्यावर ही कचेरी. दोन खिडक्या, एक कपाट, एक टेबल आणि त्यामागे नव्याने आलेली ताई. चष्मा सारखा नाकावरून घसरणारी, वयाने मास्तरांच्या मुलीएवढी. तिने सही घेतली, शिक्का मारला आणि म्हणाली, "जिवंत आहात ते दिसतंय, मास्तर. बरे आहात का?"

मास्तर गडबडलेच. या टेबलासमोर आजवर हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. "बरा नसायला काय धाड भरलीय?" ते म्हणाले.

ताईने एक पातळसं पुस्तक पुढे केलं. 'स्वतःची विचारपूस'. सैनिकांनी आणि माजी सैनिकांनी आपल्या मनाची निगा आपण कशी राखावी, कधी मदत मागावी, अशी माहिती त्यात होती. तीनशे प्रती आल्या होत्या. अकरा खपल्या होत्या, आणि त्यातल्या चार ताईच्याच टेबलाच्या तोकड्या पायाखाली होत्या. "कुणी हातसुद्धा लावत नाही हो," ती म्हणाली. "सगळे म्हणतात, शेजाऱ्याला द्या, त्याला गरज आहे." तिचा चेहरा एवढा पडला होता, की मास्तरांनी केवळ दयेपोटी पुस्तक खिशात घातलं.

दुपारी केबिनमध्ये तांबडी पेन्सिल घेऊन वाचायला बसले. दुसऱ्याच पानावर श्वास कसा घ्यायचा ते लिहिलं होतं. चार आकडे आत, चार आकडे थांबा, चार आकडे बाहेर. मास्तर फिस्सकन हसले. "म्हणजे अठ्ठावन्न वर्षं मी काय करत होतो?" तिसऱ्या पानावर होतं, की आज मन कसं आहे ते एक ते दहा आकड्यांत सांगा. तिथे त्यांनी समासात लिहिलं, 'मन म्हणजे काय टायर, हवा मोजायला?' पण नवव्या पानावर पेन्सिल थांबली. आपल्या जुन्या सोबत्यांपैकी काहीजण मिळून रोज एकमेकांची चौकशी करा, असं तिथे लिहिलं होतं. हे मात्र मास्तरांना पटलं. यात हुकूम होता, वेळ होती, आणि मुख्य म्हणजे यादी होती.

दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन त्यांनी सात पुस्तकं उचलली. ताई खुर्चीतून उठून उभीच राहिली. जुन्या कंपनीतले सातजण आसपास राहत होते. मास्तरांनी सगळ्यांना घरपोच पुस्तक दिलं आणि हुकूम सोडला, "रोज सकाळी सातला माझा फोन येणार. 'हजर' म्हणायचं आणि आकडा सांगायचा. बस्स."

आणि सातजणांनी आकडा काय सांगावा? आठ! पहिल्या दिवशी आठ, दुसऱ्या दिवशी आठ, सगळ्यांचाच आठ. कसं आहे, फौजी माणूस मूर्ख नसतो. दहा म्हटलं तर फुशारकी वाटते. नऊ म्हटलं तर साहेब विचारतो, एक का कमी? सातच्या खाली गेलं की डॉक्टरसमोर उभं करतात. आठ म्हटलं की कुणी काही विचारत नाही. कुणी कुणाला न सांगता सातही जणांना हा हिशोब पाठ होता. मास्तरांच्या वहीत आठांची रांग लागली आणि ती रांग बघून मास्तरांचा ऊर भरून आला. एकही खाडा नाही.

दोन-तीन आठवड्यांनी कारखान्याच्या कँटीनचा आचारी म्हणाला, "मास्तर, ड्रायव्हरचा फोन बिघडलाय. मी समोरच राहतो, त्याची हजेरी मीच देत जाईन." हा आचारी फौजेतही आचारीच होता. भलामोठा माणूस, आणि माप शंभर माणसांचंच कळणारा. चार पाहुणे आले तर घाबरायचा, की एवढं थोडं करायचं कसं? ड्रायव्हर म्हणजे मास्तरांच्याच दिवशी भरती झालेला त्यांचा दोस्त. ओढून आणलेला तो तिसरा ट्रक त्याचा. निवृत्तीनंतर त्याने गाडीला हात म्हणून लावला नाही. लावायचं सोडा, बसतही नसे. सगळीकडे पायी जायचा आणि गल्लीत सायकली दुरुस्त करायचा. "बरं, दे तू," मास्तर म्हणाले. आणि त्या दिवसापासून आचारी रोज सांगायचा, "मी हजर, आठ. ड्रायव्हर हजर, आठ."

घरी बायको हे सगळं चहा गाळता गाळता ऐकत असायची. एका सकाळी तिने विचारलं, "आणि तुमचा आकडा किती?"

"माझा कसला? घेणाऱ्याची हजेरी नसते."

"वा, वा! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण."

मास्तर चष्मा शोधायला लागले. चष्मा नाकावरच होता. त्याच संध्याकाळी बस वीस मिनिटं उशिरा आली आणि बसथांब्यावर पुन्हा तेच झालं. या वेळी त्यांनी तिच्या हातातली पिशवी हिसकावली आणि ती फाटली. बायकोने रस्त्यावरचे कांदे एकेक वेचून पदरात घेतले आणि पुढे चालू लागली. दुसऱ्या दिवशी मास्तरांना आपलं पुस्तक टेबलावर तिसरं पान उघडून ठेवलेलं दिसलं. तिथे पेन्सिलीने लिहिलं होतं, 'तीन'. अक्षर बायकोचं. मास्तरांनी ते खोडलं. चांगलं घासून खोडलं, तरी कागदावर वळ राहिला.

चाळीस दिवस झाले तशी मास्तर वही घेऊन ऐटीत ताईकडे गेले. ताईने एक पान उलटलं, दुसरं उलटलं, चष्मा वर सरकवला.

"मास्तर, चाळीस दिवस, सात माणसं, आणि सगळे आठ?"

"शिस्त आहे!"

"अहो, सात माणसांचं वजनसुद्धा चाळीस दिवस एका आकड्यावर राहत नाही. यातलं खोटं कोण बोलतंय?"

"माझी माणसं खोटं बोलत नाहीत," मास्तर गुरकावले.

"मग खरं कोण बोलतंय?" ताईने शांतपणे विचारलं. "यातल्या किती जणांना तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत? म्हणजे या महिन्यात?"

आचारी सोडला तर एकालाही नाही. मास्तर जिना उतरले ते वही काखेत मारून. राग ताईचा आला होता, पण पाय आपोआप कँटीनकडे वळले. जेवणाची सुट्टी संपत आली होती. आचारी मोठ्या पातेल्यात डोकं घालून तळ घासत होता.

"ड्रायव्हर कसा आहे?" मास्तरांनी विचारलं.

"हजर," पातेल्यातून आवाज आला. "आठ."

"डोकं बाहेर काढ आणि सांग."

आचाऱ्याने डोकं बाहेर काढलं, आणि मिठाची गुळणी धरून उभा राहिला. डोळे भलतीकडेच. मास्तरांनी आयुष्यभर लोकांचे आवाज ऐकले होते. न बोलणं ऐकायला त्यांना वेळ लागला नाही. "तू त्याच्याशी शेवटचं कधी बोललास?"

"एकोणीस दिवस झाले," आचारी म्हणाला. "फोन बिघडलेला नाही, मास्तर. तो उचलत नाही. दारही उघडत नाही. मी रोज दारात डबा ठेवतो. दुसऱ्या दिवशी धुतलेला डबा बाहेर असतो. म्हटलं, डबा धुतोय म्हणजे माणूस आहे ना आत. त्याच्या सायकलींच्या दुकानासमोर बसून राहिलं की आतून खोकलाही ऐकू येतो."

"आणि आज?"

आचाऱ्याचा चेहरा कोसळला. "परवाचा डबा भरलेलाच होता. कालचाही. सकाळी खोकला ऐकला, पण डबा तसाच."

"एकोणीस दिवस, आणि तू मला आठ आठ सांगत होतास?"

"तुम्हीच शिकवलंत ना, मास्तर?" एवढा मोठा माणूस, रडायलाच लागला. "सोबत्याचा खाडा पडू द्यायचा नाही म्हणून. मला वाटलं, येईल बाहेर दोन दिवसांत. मी तेवढं सांभाळून घेत होतो."

कुणी कानफटात मारावी तसे मास्तर उभे राहिले. मारायला हात कुणाचा नव्हता, शिकवण त्यांचीच होती. चोवीस वर्षं बटाटे सोलायला बसवून त्यांनी ती पक्की केली होती. त्यांनी केबिनची किल्ली वजनकाट्यावरच्या माणसाकडे फेकली, कार्डांवर लक्ष ठेव म्हणाले, आणि निघाले. नोकरीत पहिल्यांदाच ते वेळेआधी गेटबाहेर पडत होते. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर लिहिलेलं होतं, की जिवाची काळजी वाटत असेल तर वाट बघू नका, एकट्याने निभावू नका, या नंबरावर कळवा, आणि थेट विचारा. आचाऱ्याने चालता चालता तो नंबर लावला. मग कचेरीत ताईलाही लावला.

ड्रायव्हरची खोली दुकानाच्या मागेच. पत्र्याच्या फळीवर खडूने 'उद्या' लिहिलेलं, आणि ते जुनं होऊन पुसट झालेलं. पंक्चर बघायच्या टबातलं पाणी आटून तळाला गंज धरला होता. मागच्या दाराच्या पायरीवर दोन डबे होते, दोन्ही बंद. मास्तरांनी दार ठोठावलं. उत्तर नाही. मग त्यांना जे येत होतं तेच त्यांनी केलं. पाय जुळवले, छाती भरली, आणि ड्रायव्हरचा फौजेतला नंबर, हुद्दा आणि नाव पुकारलं. तसाच आवाज, मैदानाच्या त्या टोकापर्यंत जाणारा. गल्लीतल्या दोन बायका दारात आल्या. आत काही हललं नाही.

त्यांनी पुन्हा पुकारलं. आणि मग तिसऱ्यांदा पुकारायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. तिसऱ्या हाकेनंतर काय करायचं असतं ते त्यांना माहीत होतं ना! मास्तर दोन डब्यांच्या मधे पायरीवर मटकन बसले. भीती वाटत होती, नुसती भीती, आणि ती लपवायला आता काही उरलं नव्हतं.

"ऐक," ते दाराला पाठ लावून म्हणाले. आवाज अगदी साधा झाला होता. "माझा आकडा तीन आहे. तोही बायकोने घातलेला. खरं विचारशील तर आज दोन." आचाऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. "मी बायकोवर रस्त्यात ओरडतो. पोरगी माझ्याशी बोलत नाही. कुणी घराबाहेर गेलं की मला वाटतं, परत येणार नाही. आणि अजून एक आहे. त्या दिवशी सकाळची हजेरी खोटी होती. तुझ्या ट्रकवरचा रोजचा जोडीदार झोपून राहिला होता. त्याच्या नावावर दुसऱ्याने 'हजर' म्हटलं. मला कळलं होतं रे. आवाज ओळखला होता मी. तरी बरोबरची खूण केली, आणि तुझ्या ट्रकवर माणूस कमी पडला म्हणून त्या पोराला चढवलं. खाडा पडला की ट्रक सोडायचा नाही असा नियम होता, मी तो मांडला असता तर तुमचा ट्रकच निघाला नसता. मोहीम दुपारवर गेली असती. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. आज तुला सांगतोय."

मग दाराच्या अगदी जवळून, खाली, जमिनीच्या उंचीवरून आवाज आला. तोही दाराला टेकूनच बसला होता.

"रस्ता मी निवडला होता," ड्रायव्हर म्हणाला. आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा. "आतला रस्ता घेतला. चहाच्या वेळेला पोचू म्हणून."

"आणि माणूस मी निवडला होता."

"मग?"

"मग काय? जड पेटी दोघांनी उचलायची असते, गाढवा. वीस वर्षं आपण दोघंही एकेकटे कशाला ओढत बसलो?"

आतून विचित्र आवाज आला. हसणं की रडणं ते कळलं नाही. बहुतेक दोन्ही. मग कडी निघाली. ड्रायव्हर दारात बसलेलाच होता, दाढी वाढलेली, अंगातला शर्ट किती दिवसांचा कोण जाणे. मास्तरांनी त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि पुस्तकात सांगितलं होतं तसं थेट विचारलं.

"मरायचं मनात होतं?"

"होतं," ड्रायव्हर म्हणाला. "परवापासून फारच."

"आणि आत्ता?"

ड्रायव्हरने थोडा विचार केला. "आत्ता भूक लागलीय."

आचाऱ्याने हंबरडा फोडला आणि दोन्ही डबे उचलून उघडले. दोन्ही आंबले होते. तो तसाच उठून धावत सुटला. परत आला तो उकडलेली अंडी आणि पाव घेऊन. किती? तर दहा माणसांची. तोवर ताईही पोचली होती, चष्मा हातात आणि धाप लागलेली. तिने इस्पितळातल्या मनाच्या डॉक्टरांशी बोलून ठेवलं होतं. "हे पुस्तकाने भागणारं नाही," ती म्हणाली. "पुस्तक फक्त इथपर्यंत आणतं. चला." त्या नंबरावरून आलेली गाडी तयार होती, पण ड्रायव्हर गाडीत बसेना. शेवटी चौघंजण इस्पितळापर्यंत पायी गेले, तासभर, भर दुपारी. मध्ये ड्रायव्हर, एका बाजूला मास्तर, एका बाजूला आचारी, आणि मागे ताई पिशवीत उरलेली अंडी घेऊन.

वाटेत ड्रायव्हरने एकच गोष्ट विचारली. "सगळ्यांची हजेरी तू घेतोस. तुझी कोण घेतं?"

"माझी कोण घेणार?" मास्तर म्हणाले.

डॉक्टरांनी त्याला वॉर्डात ठेवून घेतलं. मास्तरांनाही त्यांनी समोर बसवलं, बरंच काही विचारलं आणि गुरुवारी पुन्हा यायला सांगितलं. मास्तरांनी वहीतली चाळीस दिवसांची पानं फाडली नाहीत. आठांवर आडवी रेघ मारली. त्या आठवड्यात ते एकेका सोबत्याच्या घरी गेले. प्रत्येकाला आधी आपला आकडा सांगितला आणि मग त्याचा विचारला. सातजणांत आठ एकाचाही निघाला नाही. एक तर इतका रागावला, की त्याने मास्तरांना घराबाहेर काढलं, आणि दोन दिवसांनी स्वतःच फोन करून म्हणाला, "पाच. पण माझ्या बायकोला सांगू नका."

बायकोला मात्र मास्तर अजून काही बोलले नव्हते. तिला सांगायचं म्हटलं की पुन्हा चष्मा शोधायला लागायचे. ती आपली रोज सकाळी चहा गाळायची, डबा भरायची आणि त्यांच्या तोंडाकडे बघायची. त्या दुपारी काय झालं ते तिला आचाऱ्याकडून कळलं होतं. खोट्या हजेरीचं सोडून. तेवढं आचाऱ्याने पोटात ठेवलं होतं.

पाचव्या दिवशी सकाळी मास्तर फोन लावायला बसले, तेवढ्यात फोनच वाजला. सातला पाच कमी.

"नर्सबाईंचा फोन मागून घेतलाय," ड्रायव्हर म्हणाला. "मधे बोलू नकोस." आणि त्याने घसा साफ केला, आणि एकेक शब्द तोडून मास्तरांचा फौजेतला नंबर, हुद्दा आणि नाव पुकारलं.

चोवीस वर्षं मास्तरांनी दुसऱ्यांची नावं घेतली होती. वहीत त्यांचं नाव कधी नसायचंच, वही धरणारा तो वहीबाहेर. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांची पाठ ताठ झाली.

"हजर," ते म्हणाले.

"आकडा?"

"आठ."

"खोटं," ड्रायव्हर म्हणाला. "परत सांग."

चहाची गाळणी हातात धरून बायको स्वयंपाकघराच्या दारात थांबली होती. चहा फरशीवर ठिबकत होता आणि तिचं तिकडे लक्ष नव्हतं. मास्तर तिच्याकडे बघत होते. फोन कानालाच होता.

"तीन," ते तिलाच म्हणाले. "तू लिहिला होतास तोच बरोबर होता. बस इथे जरा. मला तुला एक सांगायचंय."